निव्वळ वजन

आप्पांनी शब्द दिला तेव्हा तो कुणालाच जड वाटला नव्हता. चार वर्षांपूर्वी, थोरल्या नातवाच्या, विनीतच्या साखरपुड्यात, नम्रताच्या माहेरच्या साठ-सत्तर माणसांदेखत ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, या घरात येणाऱ्या दोन्ही नातसुनांना सारखंच मिळेल, गुंजभर कमी नाही की गुंजभर जास्त नाही. मंडळींनी माना डोलावल्या. धाकटा समर्थ तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता, त्यामुळे दुसरी नातसून ही नुसती बोलायचीच गोष्ट होती.

आता ती रविवारी सकाळी जयगडच्या एसटीने येत होती. लग्नाला तीन आठवडे राहिले होते आणि ‘सारखं’ म्हणजे नेमकं काय, यावर घरात तीन मतं झाली होती.

योगिनीचं मत सरळ होतं. नम्रताला या घराने बोरमाळ घातली, तीन तोळ्यांची आणि वर दोन ग्रॅम. समर्थच्या तेजस्वीलाही तेवढ्याच वजनाची बोरमाळ घालायची, की झालं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या सासूला याहून वेगळं काय सुचणार? तिच्या नवऱ्याने, निलेशने, पेपर खाली न ठेवता सांगितलं की चार वर्षांत सोनं दुपटीच्या वर गेलंय, तेव्हा सारखं म्हणजे सारख्या पैशाचं. निलेशची थोरली बहीण सावित्री गुहागरची सुपारीची बाग नवऱ्याच्या गळ्यात टाकून लग्नघरात केव्हाच दाखल झाली होती. तिने या दोघांनाही वेड्यात काढलं. लग्नात काय कुणी काटा घेऊन येतं? लोक डोळ्यांनी बघतात. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की गळे सारखे दिसले पाहिजेत, बाकी तुमचं गणित राहू द्या शाळेत.

राहिली नम्रता. ती पोह्यांच्या फोडणीत कढीपत्ता टाकत म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही, आई."

नम्रता गुणी पोर होती. विनीत बोटीवर असला की वर्षातले आठ महिने ती या घरात नवऱ्याशिवाय काढायची आणि कधी तोंड वाकडं करायची नाही. पण तिचं काही म्हणणं नाही असं ती म्हणाली, की पुढचे दोन दिवस तिच्या हातून भांडी जरा जोराने ठेवली जात.

तेजस्वी आली ती थेट बाजारात जायच्या तयारीने. उंच, सावळी, पायात सपाट चपला. समर्थ जयगडच्या बंदरात इलेक्ट्रिकलमध्ये होता आणि ही तिथल्याच वजनकाट्यावर. दिवसाला दोनशे ट्रक तिच्या खिडकीसमोरून जात. सावित्रीला ही नोकरी फारशी पसंत नव्हती. मुलीच्या जातीने ट्रकांची वजनं कसली करायची, असं तिने पहिल्या दिवशीच सुनावलं होतं. तेजस्वीच्या आईने बहुधा तिला आज बजावून पाठवलं असावं, कारण नमस्कार करून ती जी गप्प बसली ती बसलीच.

चौघी आधी राम आळीत शिवा सोनाराकडे गेल्या. शिवाचं दुकान म्हणजे चार माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागावा एवढंच, आणि वर एक ट्यूबलाइट. त्या उजेडात त्याने पुढे ठेवलेली बोरमाळ कालच्या भातासारखी निस्तेज दिसली. योगिनीने घडणावळ किती ते विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्याकडून काय जास्त घेणार, बघून घेऊ. तिने नक्की आकडा विचारला तेव्हा त्याचा चेहरा असा पडला, की तिने जणू त्याच्या बापाचं नाव काढलं. सावित्रीने खालून तिचा पाय दाबला. शिवाच्या आजोबांपासून या घराचं सोनं इथेच घडत आलं होतं. फक्त नम्रताची माळ तेवढी सावित्रीच्या आग्रहाखातर तिच्या ओळखीच्या चिपळूणच्या सराफाकडून आली होती, आणि शिवा ते चार वर्षांत विसरला नव्हता.

तिथून त्या मारुती मंदिराकडच्या नव्या दालनात गेल्या. तिथे गारवा होता, कॉफी होती, तीन बाजूंनी आरसे होते, आणि छतातून असा उजेड पडत होता की त्याखाली योगिनीची पितळी सेफ्टी पिनसुद्धा घडवून घेतल्यासारखी दिसत होती. घडणावळीवर निम्मी सूट, असा फलक लावला होता. निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी, हे योगिनीने विचारलं. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं की ते डिझाइनवर असतं. एका डिझाइनला सोन्याच्या भावाच्या बारा टक्के, दुसऱ्याला अठरा, तिसऱ्याला बावीस. म्हणजे बाविसाचे अर्धे अकरा, जे सूट नसलेल्या बाराच्या शेजारीच जाऊन बसत होते. पण भिंतीवरचा भाव बघून योगिनीला एकदम हुरूप आला. शिवाच्या भावापेक्षा तो बराच कमी होता. तिने हळूच नम्रताला ते दाखवलं. तेव्हा मागून तेजस्वी, इतक्या वेळात पहिल्यांदाच, म्हणाली, "काकू, हा बावीस कॅरेटचा भाव आहे. मघाच्या सोनारांनी सांगितला तो चोविसाचा होता."

वर्गात फळ्यावर आपण रुपयांतून किलो वजा केले आणि पोरीने हात वर करून ते सांगितलं, असं योगिनीला वाटलं.

तिसऱ्या दुकानात घडणावळ सगळ्यांत कमी होती, पण परत द्यायला आणलं तर घट किती धरणार, ते पाहिलं की कमी केलेलं सगळं तिथे वसूल होत होतं. मालकाने तेच सरळ विचारलं, की ताई, घालायची आहे की मोडायची आहे? लग्नाआधीच मोडायची भाषा ऐकून सावित्री पर्स उचलून जी बाहेर पडली ती रिक्षात जाऊन बसली.

घरी येताना योगिनीने मनातल्या मनात तिन्ही माळा शेजारी मांडून बघितल्या, पण त्या मांडल्याच जाईनात. पहिलीचे मणी मोठे आणि कमी, दुसरीचे बारीक आणि जास्त, तिसरीची तर गुंफणच वेगळी. एकाची घडणावळ ग्रॅमवर, एकाची टक्क्यावर, एकाची माणूस बघून. छाप तिन्हींवर सरकारी, पण तो सोन्याचा कस सांगतो, हात कुणाचा लागलाय ते सांगत नाही. बांगडे घ्यायचे तर कल्ले उघडून बघता येतात, फणस थापटून बघता येतो. सोन्याला काय करायचं? आणि एक माळ बघितली की दुसऱ्या दुकानापर्यंत डोळ्यांपुढे तिची नुसती चमक उरत होती. आजवर जे काय दागिने घेतले ते आपण पारखून घेतले की दमून, असा प्रश्न तिला रिक्षात पडला.

जेवणं झाल्यावर आप्पांनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं. ब्याऐंशीचे आप्पा लग्नाच्या खरेदीत कधी लक्ष घालत नसत, पण सुना रिकाम्या हातांनी परत आलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचा मुद्दा एकच होता. नम्रताच्या माळेचं सगळे बोलतायत, पण ती माळ आहे कुठे? ती समोर आणा, वजन करा आणि मग ठरवा.

नम्रताने कपाटातून डबी आणली. तिच्याबरोबर बिलाची घडीही होती, ती योगिनीनेच चार वर्षांपूर्वी तिथे ठेवली होती. आंबावडीची साखर मोजायचा काटा योगिनीने स्वयंपाकघरातून आणला आणि ओला हात पदराला पुसून त्यावर माळ ठेवली. बत्तीस ग्रॅम. सावित्रीने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. तिने आणलेली वस्तू आणि तिने सांगितलेलं वजन, दोन्ही खरी ठरली होती. निलेशने कपाळाला हात लावला, कारण बत्तीस ग्रॅमचे आजचे पैसे त्याला आकडेमोडीशिवायही दिसत होते. नम्रताच्या मानेचा ताठा किंचित सैल झाला. एवढ्या वजनाची दुसरी माळ होणं कठीण, आणि न झाली तर थोरलेपणाचा मान आपल्याच गळ्यात, हे तिने मनात धरलेलं योगिनीला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात तेजस्वी पुढे वाकून माळेकडे बघत म्हणाली, "हे भरलेल्या गाडीचं वजन झालं. रिकाम्या गाडीचं किती?"

कुणाला काही कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे ट्रक कोळसा भरून काट्यावर चढतो, मग रिकामा होऊन चढतो. दोन्हींतला फरक तो माल. गाडीच्या लोखंडाचे पैसे कोळशाच्या भावाने कुणी देत नाही. आता ही बोरमाळ. हिच्यात दोरा आहे, गोंडा आहे, आणि मण्यांच्या आत लाख भरलेली असते ना?

बोरमाळेच्या मण्यांत लाख असते हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला जन्मापासून माहीत होतं. फक्त ते या माळेशी कुणी जोडून पाहिलं नव्हतं.

योगिनीने बिल उघडलं. शाई थोडी फिकट झाली होती, पण आकडे वाचता येत होते. ढोबळ वजन बत्तीस ग्रॅम. त्याच्या खाली, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत, निव्वळ वजन एकोणीस. पैसे एकोणिसांचेच लावले होते. सराफाने कुणाला फसवलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. त्याने सगळं लिहून दिलं होतं आणि ते तिने, गणिताच्या शिक्षिकेने, घडी घालून डबीत ठेवलं होतं.

नम्रताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती म्हणाली, "माझ्या आईने अख्ख्या आळीला तीन तोळे सांगितलंय."

मग सगळ्यांच्या नजरा सावित्रीकडे वळल्या. सावित्री म्हणाली, मी काय खोटं बोलले? माळ तीन तोळ्यांचीच आहे, काट्यावर बघा. सोनं तीन तोळे आहे असं मी कधी म्हटलं? मी दुकानात सांगितलं होतं, चारचौघांत उठून दिसेल अशी दाखवा. त्याने दाखवली. दिसते की नाही उठून?

दिसत होती, यात वादच नव्हता.

सकाळपासूनची बाजू एका क्षणात उलटली होती. सकाळी सावित्री आणि नम्रता एका बाजूला होत्या आणि तेजस्वी परकी. आता नम्रता नकळत सरकून तेजस्वीच्या शेजारी बसली होती, आणि दोघी मिळून बिलावर वाकल्या होत्या. निलेशचा चेहरा उजळला होता. तेरा ग्रॅम वाचले होते. योगिनीलाही क्षणभर हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली.

"अगो सावित्री," आप्पा म्हणाले, "तुझ्या गळ्यातली बोरमाळ पण ठेव बघू काट्यावर. ती मीच घातलेली. तेव्हा मी पण काय बिल वाचलं नव्हतं."

सावित्रीने दोन्ही हातांनी पदर गळ्याशी घट्ट धरला. "माझी नको. माझ्या संसाराला चाळीस वर्षं झाली, आता ती जेवढी आहे तेवढी असू दे."

आप्पा हसले नाहीत. ते पावस गावच्या आंब्याच्या कलमांविषयी बोलू लागले. त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची वाटणी झाली तेव्हा झाडं मोजून घेतली होती, चाळीस याची आणि चाळीस त्याची. कागदावर इतकी सारखी वाटणी तालुक्यात झाली नसेल. पण भावाच्या वाट्याची कलमं विहिरीकडची आणि आप्पांची सड्यावरची, कातळात सुरुंग लावून लावलेली. भाऊ म्हणे, तुझा आंबा आधी तयार होतो आणि भाव खातो. आप्पा म्हणत, तुझ्या झाडांना दुप्पट लागतो. दोघांनीही कायम हेच धरलं की आपण बुडालो. भाऊ त्यातच गेला. तेरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

"दोन वस्तू सारख्या आहेत की नाही, हे तिसऱ्याने सांगून पटत नाही," ते म्हणाले. "रापणीवर, किनाऱ्यावर जाळं ओढून झालं की, माशाचे वाटे घालतात तसं करावं. वाटे एकाने घालायचे, उचलायचे दुसऱ्याने. ही पोर वजनातली जाणती आहे, तर हिनेच शिवाकडे जाऊन हिच्या मते नम्रताच्या माळेच्या तोडीची माळ करून आणू दे. मग दोन्ही समोर ठेवा. पहिली उचलेल ती नम्रता."

सावित्री म्हणाली की थोरल्या सुनेच्या गळ्यात घातलेली माळ परत मांडायची हे कुठल्या शास्त्रात बसतं? आप्पांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग तिने शास्त्राचा विषय सोडला. पण दुपारी योगिनी ताक घ्यायला आत गेली, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत सावित्री तेजस्वीला हळू आवाजात म्हणत होती, बघ गो बाय, माझी एकदा ठेवूनच बघ काट्यावर. आकडा बघून काय झालं ते तेजस्वीने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. सावित्रीने मात्र त्या दिवसापासून तिच्या नोकरीबद्दल तोंड उघडलं नाही.

बाराव्या दिवशी शिवाने माळ दिली. जुन्या गिऱ्हाइकाची लाज आणि चिपळूणच्या सराफाचा राग, दोन्ही त्या कामात उतरले होते. तेजस्वीने ती आणून ओटीवरच्या पाटावर जुनीच्या शेजारी ठेवली आणि योगिनी चमकली. दोन्ही दिसायला मुळीच सारख्या नव्हत्या. जुनीचे मणी बोराएवढे, फुगीर, लखलखीत. नवीचे मणी बारीक, मिऱ्याहून जरा मोठे, पण हातात घेतल्यावर जाणवणारे. आत लाख नाही, काही नाही. सोनं बरोबर एकोणीस ग्रॅम.

योगिनी म्हणाली, "अगो, हुबेहूब तशीच का नाही केलीस?"

"तशीच केली असती तर ताईंना उचलायला काय राहिलं असतं?" तेजस्वी म्हणाली.

नम्रता पाटासमोर बसली. तिने डाव्या हातात जुनी घेतली, उजव्यात नवी. व्हिडिओ कॉलवर, कुठल्याशा बंदरात उभ्या असलेल्या बोटीवरून विनीत बघत होता आणि त्यानेही तोंड बंद ठेवलं होतं, हे योगिनीला विशेष वाटलं. जुनी माळ नम्रताने लग्नाच्या दिवशी घातली होती. सगळ्या फोटोंत ती होती. नम्रताने ती गळ्याशी लावली, आरशात न बघता खाली ठेवली, पुन्हा उचलली. योगिनीला वाटलं, ही जुनी ठेवणार आणि उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला लावलाय. आपण थोरलीचा दागिना पाटावर मांडायला लावला, हे तिच्या मनात सारखं टोचत होतं.

"ही घेते," नम्रता म्हणाली, आणि उजवा हात पुढे केला. "हिच्यात काय आहे ते तरी मला ठाऊक आहे."

तेजस्वीने जुनी माळ उचलली आणि गळ्यात घातली. तिच्या उंच मानेवर ते मोठे मणी असे बसले, की निलेशनेसुद्धा पेपर बाजूला केला.

योगिनीला भीती वाटत होती ती संध्याकाळची. एकीला तरी पस्तावा होणार. ती तुळशीपाशी वात लावत होती तेव्हा नम्रता मागे येऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघून तिने विचारलं, "आई, तिला वाईट नाही ना वाटणार? जुनीचे दोन मणी चेपलेत मागच्या बाजूचे. लाख जुनी झाली की असंच होणार. ही माझी शंभर वर्षं टिकेल. पण तुम्ही तिला काही बोलू नका."

योगिनी म्हणाली, नाही बोलणार.

सात वाजता समर्थ तेजस्वीला न्यायला आला. ती चपला घालताना थांबली, योगिनीला हाताला धरून ओट्याच्या कोपऱ्यात घेऊन गेली आणि पहिल्यांदाच काकू म्हणायचं विसरली.

"आई, ताईंना सांगू नका हं. अशीच दुसरी करायची तर शिवादाजी म्हणाले, असे मोठे पातळ मणी ओढणारा कारागीर आता रत्नागिरीत नाही. मला पहिल्या दिवसापासून हीच हवी होती. पण हवी कशी म्हणू?"

योगिनीने विचारलं की ताईने जुनीच उचलली असती तर?

"मग बारीक घातली असती," तेजस्वी म्हणाली. "सोनं तेवढंच आहे."

ती गाडीवर बसली. नम्रता नवी माळ घालूनच तिला सोडायला फाटकापर्यंत गेली. परवा ब्लाउज शिवायला टाकायला दोघींनी एकत्र जायचं, असं तिथे ठरत होतं. रस्त्यावरच्या दिव्यात दोघी एकमेकींच्या गळ्याकडे बघत होत्या आणि दोघींच्याही चेहऱ्यावर थोडी दया होती.

योगिनी ओटीवर आली. आप्पांनी विचारलं, काय झालं, कोण खूश?

"दोघी," योगिनी म्हणाली.

आप्पांना ते खरं वाटलं नाही. ते फाटकाकडे बघत स्वतःशीच म्हणाले की कलमांच्या वाटणीत भावालाच आधी उचलायला सांगायला हवं होतं.